जुन्या मोटारीचें तेल

मोटार जुनी झाली म्हणजे तिच्याविषयीं सल्ला देणारांची संख्या वाढत जाते, आणि तिच्या एंजिनांत कोणतें तेल घालावें या प्रश्नावर तर कोणीच मौन पाळीत नाहीं. चहाच्या टपरीवर बसलेला ट्रकवाला, तेल विकणारा दुकानदार, शहरांतून सुटीस आलेला भाचा, प्रत्येकाजवळ उत्तर तयार असतें. आणि एकाचें उत्तर दुसऱ्यास पटत नाहीं. गेल्या वर्षीं आमच्या घरच्या मोटारीचें एंजिन उघडून पुन्हां जोडावें लागलें, तेव्हां हा प्रश्न आमच्या दारीं आला. तो सोडवितांना आम्हांस जें वाचावें, विचारावें व समजून घ्यावें लागलें, तें शाळेंतील पदार्थविज्ञानाच्या धड्यांशीं इतकें निगडित आहे कीं, विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांसही तें रुचेल असें वाटतें.

प्रथम गांवाची व मोटारीची ओळख करून देणें बरें. कोहमारा हें गोंदिया जिल्ह्यांतील गांव नकाशावर ठिपक्याएवढें दिसतें. परंतु साकोलीवरून देवरी व रायपुराकडे जाणारा महामार्ग आणि गोंदियाहून नवेगांवबांधाकडे जाणारा रस्ता हे दोन येथें एकमेकांस भेटतात, म्हणून वाहनांची वर्दळ अहोरात्र चालू असते. या महामार्गाचा क्रमांक पूर्वीं ६ होता, आतां ५३ आहे. लोक मात्र त्यास मुंबई–कलकत्ता रस्ता म्हणूनच ओळखतात. गंमत अशी कीं, आपल्या देशानें कित्येक दशकें ज्या दोन मोटारींवर प्रामुख्यानें दिवस काढले, त्या याच रस्त्याच्या दोन टोकांकडे जन्मास आल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत बने, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें. आमची मोटार पूर्वेकडची. ती १९६८ सालची अँबॅसेडर आहे. तिचें रूप इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेलें, आणि एंजिन १,४८९ घन सेंटिमीटरांचें, तेंही मूळ इंग्रजी घडणीचें.

अशा गाडीस ‘विंटेज’ म्हणावें कीं नाहीं, यावरही वाद घालणारे आहेत. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. इंग्रज शौकीन १९१९ ते १९३० या काळांत बनलेल्या मोटारींसच तें नांव देतात. आपल्या सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांप्रमाणें मात्र पहिल्या नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षें लोटलेली व मूळ स्वरूपांत राखलेली खाजगी गाडी विंटेज ठरते, आणि तिच्या क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. पण तशी नोंदणी केल्यावर ती गाडी रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. आम्हीं जुनीच नोंदणी चालू ठेविली आहे. कारण आमच्या तीर्थरूपांस ती प्रदर्शनांत नको आहे, रस्त्यावर हवी आहे.

त्यांचें वय आज ८४ वर्षांचें आहे. जेव्हां गांवांत दुसरें वाहन नव्हतें, तेव्हां किती बाळंतिणी आणि किती तापकरी याच मोटारींतून त्यांनीं रात्रींबेरात्रीं गोंदियाच्या दवाखान्यांत पोंचविले, याची मोजदाद नाहीं. गेल्या वर्षीं एंजिन धूर ओकूं लागलें. मिस्त्रींनीं तें उघडलें, चारही सिलिंडरांत बोट फिरवून पाहिलें, आणि म्हणाले, “भाऊ, हे शेवटचं बोरिंग. यापुढं घासायला लोखंड नाही उरलं.” सिलिंडरांत नव्या नळ्या ठोकण्याचा उपाय आहे, नाहीं असें नाहीं, परंतु तीर्थरूपांनीं त्यास साफ नकार दिला. “आता हे बसलं, तर गाडी देऊन टाक. अंगणात उभी असलेली मला पाहवणार नाही,” इतकेंच ते बोलले. एक समाधान एवढें होतें कीं, आंतला कॅमशाफ्ट १९६८ चाच असून बऱ्या स्थितींत निघाला. उत्तरपाड्यास अँबॅसेडर बनणें २०१४ सालीं थांबलें. तेव्हां जें शाबूत निघालें तें जपणें भाग होतें. आणि एकदां जोडून झालेल्या एंजिनास बाहेरून जपण्याचें साधन तेलाशिवाय दुसरें कोणतें?

तेल काय करतें, हें नीट पाहिल्याशिवाय कोणतें घ्यावें हें ठरत नाहीं. तेल म्हणजे निसरडेपणा, अशी सर्वसाधारण समजूत असते. आपल्या बंडीच्या आंसास एरंडेलाचें वंगण देतात त्यावरून ती झालेली असावी. परंतु एंजिनांतील मुख्य बेअरिंगांत घडतें तें याहून नवलाचें आहे. इंग्लंडांत १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर नांवाचे एक अभियंते आगगाडीच्या आंसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. आंस फिरत होता, त्याची खालची बाजू तेलांत बुडालेली होती, आणि वर पितळी बेअरिंगाचें ओझें होतें. तेल सोडण्यासाठीं त्यांनीं बेअरिंगास वरून एक भोंक पाडलें. तों काय, आंस फिरूं लागतांच तेल त्या भोंकांतून उलट वर येऊं लागलें! त्यांनीं बूच बसविलें, तें उडालें. लांकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटीं दाबमापक लावला, तेव्हां त्याचा कांटा चौरस इंचास २०० पौंडांच्याही पुढें गेला. फिरणारा आंस तेलास आपल्याबरोबर ओढून एका निमुळत्या फटींत कोंबतो, आणि त्या दाबलेल्या तेलावर सबंध ओझें तरंगूं लागतें, असा याचा अर्थ होता. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञांनीं १८८६ सालीं त्याचें गणित मांडलें. म्हणजे एंजिन नीट चालत असतें तेव्हां त्यांतील आंस व बेअरिंग एकमेकांस शिवतच नाहींत. दोहोंच्या मध्यें तेलाचा पडदा असतो, केंसाहून कितीतरी पातळ.

हा पडदा टिकण्यास तेल पुरेसें दाट हवें. फार पातळ झालें तर तें फटींतून निसटून जातें व धातूवर धातु घासतो. फार दाट असलें तर तें फटीपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं. जुन्या एंजिनांतील फटी आजच्या एंजिनांपेक्षां रुंद ठेवलेल्या असत. इतकें लक्षांत ठेवून आतां आमच्या दोन सल्लागारांकडे वळूं.

मिस्त्रींचें म्हणणें सरळ होतें: “गाडी म्हातारी आहे, जाड ऑइल द्या, पन्नास नंबर.” म्हणजे साधें, एकेरी ५० क्रमांकाचें तेल. नागपुराहून आलेल्या भाच्यानें मात्र एक झगमगीत डबा आणला होता. “मामाजी, सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत नवं हेच आहे,” असें म्हणून त्यानें तो आमच्या हातीं दिला. तें पूर्ण कृत्रिम रीतीनें बनविलेलें, ५-डब्ल्यू-३० या दर्जाचें तेल होतें. एकाची भिस्त दाटपणावर, दुसऱ्याची किमतीवर. दोघांचाही मोटारीवर जीव, यांत शंका नाहीं.

डब्यावरील या आंकड्यांचा उलगडा केला पाहिजे. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें, जिचीं आद्याक्षरें ‘एसएई’ अशीं आहेत, १९११ सालीं तेलांचे दाटपणावरून वर्ग पाडण्यास आरंभ केला. आज ज्या तेलास ४० म्हणतात, त्याचा दाटपणा १०० अंश उष्णतेवर मोजला असतां १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक भरावा लागतो. ५० क्रमांकाचा १६.३ ते २१.९. हे झाले तापलेल्या तेलाचे आंकडे. पण तेलाचा स्वभाव असा कीं, तें थंडींत घट्ट होतें व उन्हांत सैल पडतें. माघाच्या सकाळीं बाटलींत थिजलेलें खोबरेल आणि कढईंत पाण्यासारखें खेळणारें तेल कोणीं पाहिलें नाहीं? म्हणून पूर्वीं मोटारवाले हिवाळ्यांत एक व उन्हाळ्यांत दुसरें तेल घालीत. १९५० नंतरच्या दशकांत दुहेरी दर्जाचीं तेलें निघालीं. यांत लांबलचक रेणूंचें एक द्रव्य मिसळलेलें असतें. थंडींत हे रेणू गुंडाळून लहान होऊन बसतात, तापले म्हणजे उलगडतात, आणि तेलास अति पातळ होऊं देत नाहींत. २०-डब्ल्यू-५० या नांवांत ‘डब्ल्यू’ हें हिवाळ्याच्या इंग्रजी शब्दाचें पहिलें अक्षर आहे. थंडींत तें २० वर्गाप्रमाणें वागतें आणि तापल्यावर ५० प्रमाणें.

आतां भाच्याच्या डब्यावरील ५-डब्ल्यू याचा अर्थ काय? तर शून्याखालीं ३० अंशांवर घेतलेल्या परीक्षेंतही एंजिन फिरवितां येईल इतकें तें तेल सैल राहतें. २०-डब्ल्यूची तीच परीक्षा शून्याखालीं १५ अंशांवर घेतात. कोहमाऱ्यास थंडी पडते. नवेगांवच्या जंगलाकडून वारा सुटला म्हणजे पहांटे शेकोटी सोडवत नाहीं. परंतु पाणी गोठल्याचें येथें कोणीं पाहिलेलें नाहीं. कॅनडांतील बर्फासाठीं केलेल्या सोयीचे पैसे आपण येथें मोजावे, याचें कारण दिसेना. पातळ तेल सकाळीं किंचित् लवकर वर चढतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु वैशाखांत पारा ४५ अंशांवर जातो व मोटार देवरीच्या चढावर लागते, तेव्हां ३० क्रमांकाचें तेल आमच्या एंजिनाच्या रुंद फटींत कितपत उभें राहील, हा प्रश्न उरतोच.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती डब्यावर ठळक अक्षरांनीं छापलेली नसते. बेअरिंगांत ओझें तेलावर तरंगतें असें वर सांगितलें. पण कॅमशाफ्टचा उंचवटा जेव्हां टॅपेटच्या सपाट तळव्यास ढकलतो, तेव्हां सारा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि तेथें तेलाचा पडदा टिकत नाहीं. आजच्या बहुतेक मोटारींत या जागीं फिरती चक्री असते किंवा भार हलका केलेला असतो. आमच्या एंजिनांत उघड घसटच आहे. या घसटीवर उपाय म्हणून १९४० नंतरच्या वर्षांत जस्त व फॉस्फरस यांचें एक संयुग तेलांत मिसळूं लागले. उष्णता व दाब यांनीं तें धातूच्या पृष्ठावर एक पातळ थर बनवितें. घासला जातो तो थर, धातु वांचतो. पुढें पेट्रोलच्या धुरांतील विषारी वायु कमी करण्यासाठीं मोटारींच्या धुराड्यांत शोधक यंत्र बसूं लागलें. आपल्याकडे चार महानगरांत नव्या मोटारींस तें १९९५ सालापासून सक्तीचें झालें. फॉस्फरसानें हें यंत्र निकामी होतें, म्हणून नव्या प्रतीच्या पातळ तेलांत त्याचें प्रमाण शेंकडा ०.०८ च्या पुढें जाऊं द्यावयाचें नाहीं, असें बंधन २००४ पासून आलें. नव्या मोटारींस तें योग्यच आहे. पण आमच्या मोटारीच्या धुराड्यांत असलें यंत्र मुळीं नाहींच. तिला फॉस्फरसाची भीति नाहीं, गरज आहे. सुदैवानें २०-डब्ल्यू-५० सारख्या दाट तेलांस हें बंधन लागू नाहीं, आणि त्यांपैकीं पुष्कळांत जस्त अजून पुरेसें असतें. अर्थात् दाट म्हणून सर्व चांगलीं, असें धरून चालूं नये. कंपनीच्या माहितीपत्रकांत जस्ताचें प्रमाण पाहून घ्यावें.

तेव्हां भाच्याचा डबा आम्हीं त्याच्याच नव्या गाडीसाठीं परत दिला. तेथें तो योग्य जागीं पडला.

मिस्त्रींचा सल्ला नाकारणें याहून कठीण गेलें, कारण त्यांच्या हाताला चाळीस वर्षांची संवय आहे. एकेरी ५० क्रमांकाचें तेल तापल्यावर उत्तम. पण हिवाळ्याच्या पहांटे तें काकवीसारखें होतें, आणि एंजिनाची बरीच झीज सुरू करतांनाच्या त्या पहिल्या कांहीं क्षणांत होते. चेंबरांतून पंपानें खेंचलेलें तेल वर झडपांपर्यंत पोंचेतों तेथील भाग कोरडे घासत राहतात. मिस्त्री म्हणाले, “पूर्वी आम्ही हेच घालत होतो ना?” पूर्वीं घालीत हें खरें, परंतु त्या काळीं एंजिनेंही पुष्कळ लवकर उघडावीं लागत, हेंही तेवढेंच खरें. जुन्या मोटारीस जुन्याच काळचें तेल हवें हा हट्ट आम्हांस नव्याच्या हव्यासाइतकाच निराधार वाटतो. फोर्डच्या ‘टी’ मोटारीस, जी १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटींहून अधिक बनली, तेलाचा पंपही नव्हता. फिरतें चाक तेल उडवी आणि एक नळी तें पुढें नेई. तेल किती उरलें हें पाहावयाचें तर मोटारीखालीं शिरून दोन लहान तोट्या उघडाव्या लागत. कोणी तेवढ्यावरून आज पंप काढून टाकीत नाहीं.

जुन्या तेलांची गोष्ट निघालीच आहे, तर एरंडेलास वगळून कसें चालेल? ज्या एरंडेलाच्या चमच्यानें आमच्या पिढीच्या डोळ्यांत पाणी आणलें, तेंच एकेकाळीं मोटारींचें व विमानांचें उंची तेल होतें. लंडनच्या वेकफील्ड कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलास ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव दिलें, तें एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचें एंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरे. त्यांत एरंडेल घालीत, कारण तें पेट्रोलांत विरघळत नाहीं. न जळलेलें तेल फवाऱ्यासारखें वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि त्याचा पोटावर जो परिणाम व्हावयाचा तो होई, असें सांगतात! पण एरंडेल हवेनें व उष्णतेनें डिंकासारखें चिकट होतें. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या मोटारीस तें वैरीच.

मिस्त्रींचा एक आक्षेप मात्र पुरा खरा होता, आणि जुनी मोटार बाळगणाऱ्या प्रत्येकानें तो ध्यानांत ठेवावा. आजच्या तेलांत मळ धुणारीं द्रव्यें असतात. जें एंजिन वर्षानुवर्षें साध्या तेलावर चाललें आहे, त्याच्या कोनाकोपऱ्यांत काळा गाळ बसलेला असतो. त्यांत एकाएकीं असें तेल घातलें तर गाळाचे खवले सुटतात आणि तेलाच्या बारीक वाटा बुजवितात. मग चांगल्या तेलानें एंजिन मारलें असा बोभाटा होतो. आमचें एंजिन नुकतेंच उघडून, रॉकेलनें धुवून, वाटांत तार व हवा घालून स्वच्छ केलें होतें, म्हणून आम्हांस ही भीति नव्हती. ज्यांचें एंजिन उघडलेलें नाहीं त्यांनीं प्रथम चेंबर उतरवून गाळ काढावा, आणि पहिलें तेल थोड्याच मैलांनीं काढून टाकावें.

सरतेशेवटीं आम्हीं साधें खनिज, दुहेरी, २०-डब्ल्यू-५० तेल घेतलें. त्यास मिस्त्री ‘बीस-पचास’ म्हणतात. किंमत भाच्याच्या डब्याच्या निम्म्याहूनही कमी पडली. बाजारांत जुन्या डब्यांत भलतेंच तेल भरून विकणारे असतात, म्हणून झांकणाची मोहोर पाहून व पावती मागून घेतलें. पहिल्या सुरुवातीस मिस्त्रींनीं स्पार्क-प्लग काढून एंजिन नुसतें फिरविलें, आणि समोरचा तांबडा दिवा विझेपर्यंत पेट्रोल दिलें नाहीं. तीर्थरूप त्या वेळीं खुर्ची टाकून शेजारीं बसले होते. दिवा विझतांच त्यांनीं मान हालविली.

मोटार आतां महिन्यांतून दोन-तीनदां निघते. बहुधा नवेगांवबांधापर्यंत जाते आणि तळ्याकांठीं घटकाभर थांबून परत येते. थोडी चालणारी मोटार तेलास अधिक जाचते, ही गोष्ट पुष्कळांस उलटी वाटेल. पण थंड एंजिनांत पेट्रोल जळतांना झालेली वाफ तेलांत उतरते, आणि एंजिन पुरतें तापलें नाहीं तर ती तेथेंच राहून आंबटपणा व गंज उत्पन्न करते. म्हणून दोन मिनिटें सुरू करून बंद करण्यापेक्षां एंजिन मुळींच न चालविलेलें बरें; चालवावें तर वीस-पंचवीस मैल. आणि मैल कितीही थोडे झाले असले तरी वर्षांतून एकदां, आम्ही तर पावसाळा संपतांच, तेल बदलावें. पट्टी मात्र प्रत्येक वेळीं निघण्यापूर्वीं पाहावी. जुनें एंजिन थोडें तेल पितेंच. त्याचा हिशेब ठेवला म्हणजे पुढचें दुखणें आधीं कळतें.

बोरिंग केलेल्या एंजिनाचें पहिलें तेल लवकर काढावें लागतें, त्याप्रमाणें दिवाळीच्या आधीं आम्हीं तें काढलें. मिस्त्रींनीं त्यांत लोहचुंबक फिरवून पाहिला. नव्या रिंगांची बारीक करडी धूळ तेवढी लागली, कण एकही नाहीं. तीर्थरूपांनीं थेंब दोन बोटांत घेऊन चोळला व बोटें धोतरासच पुसलीं.

राहिलें तें काळें तेल. कुंपणाच्या खांबांस वाळवी लागूं नये म्हणून तें मागणारे शेजारी पुष्कळ भेटतात, आणि नाहीं म्हणणें जड जातें. परंतु आमच्या परसाच्या पलीकडे धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांच्या उताराला एक बोडी. झिजलेल्या धातूंचे अंश व जळकीं द्रव्यें वापरलेल्या तेलांत उतरलेलीं असतात. एक गॅलन असें तेल दहा लाख गॅलन पाणी नासवूं शकतें, असा इशारा अमेरिकेंतील सरकारी खातें देत आलें आहे, आणि आपल्याकडेही २०१६ च्या नियमांत त्याची गणना घातक टाकाऊ पदार्थांत केली आहे. तेव्हां तें आम्ही रिकाम्या डब्यांतच परत भरतों, झांकण घट्ट करतों, आणि मिस्त्रींच्या पिंपांत नेऊन ओततों. पिंप भरलें कीं शुद्धीकरणाचा परवाना असलेल्या व्यापाऱ्याची गाडी तें घेऊन जाते. शेजाऱ्यांच्या खांबांसाठीं आम्हीं नवें डांबर आणून दिलें.